वेस बंद, उंबरा उघडा

२०२०चा गुढीपाडवा २५ मार्चला आला आणि कोरोनाच्या टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच होता. त्या आठवड्यात मराठवाड्यातल्या कितीतरी गावांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या. कुठे मोडक्या बैलगाडीचं जू, कुठे सिमेंटचा पाइप, कुठे नुसते दगड. शेजारी पुठ्ठ्यावर लिहिलेलं, 'बाहेरच्यांना गावबंदी'. चार पोरं काठ्या घेऊन पाळीपाळीनं बसलेली.

भीतीपोटी केलेल्या गोष्टीची टिंगल करू नये. पण बाभळीनं अडवलं कुणाला? डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा जिल्ह्याच्या गावाला जाणाऱ्याला अडवलं. नववा महिना लागलेल्या बाईला न्यायला आलेली गाडी अडवली. पुण्याहून दुचाकीवर आलेला पोरगा मात्र फाट्यावरून वळला, चुलत्याच्या वावरातून पांदीनं आत आला आणि आजीच्या पाया पडून तिच्याच बाजेवर टेकला. वेस बंद होती, उंबरा उघडा होता. साथीत गावातली म्हातारी माणसं जातात ती बहुतेक याच वाटेनं आलेल्या आजारानं, आणि तो घेऊन येतं ते मायेचंच माणूस.

जुन्या पिढ्यांची रीत याच्या उलट होती. प्लेगात उंदीर पडायला लागले की लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहायचे. आजार गावात असेल तर माणसांनी मोकळ्या हवेत जावं, एकमेकांपासून लांब राहावं, इतकं त्यांना उमगलेलं होतं. १९१८च्या मानमोडीत, म्हणजे फ्लूच्या साथीत, तेही कामी आलं नाही, कारण ती साथ उंदरांची नव्हती, श्वासाची होती. तरी मोकळ्या हवेचा धडा खरा होता. आपण तो विसरलो आणि वेशीचा तेवढा लक्षात ठेवला.

तेव्हा वेशीचं सोडून उंबऱ्याचं बोलू: साथीत गावानं आपली म्हातारी माणसं कशी जपावीत.

पहिलं काम यादीचं. दीड हजार वस्तीच्या गावात साधारण तीनशे उंबरे येतात. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढचे लोक दहा टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे अशा गावात दीडशे म्हातारी माणसं धरावीत, आणि तरणी पोरं पुण्या-मुंबईकडे गेली असतील तर जास्तच. हजार लोकांमागे एक आशाताई. दीडशे घरी रोज जाणं तिला शक्य नाही आणि तशी गरजही नाही. दीडशेतल्या वीस-पंचवीस घरांकडेच रोज बघावं लागतं. ती घरं कोणती, हे शोधण्यासाठी यादी.

मतदार यादी, रेशनची यादी, अंगणवाडीचं सर्वेक्षण हे सगळं तयार मिळतं, म्हणून लोक तेच उतरवून घेतात आणि तिथेच चुकतात. मतदार यादीत मेलेली माणसं जिवंत असतात. रेशनच्या यादीत म्हातारी थोरल्याच्या घरात असते. प्रत्यक्षात ती धाकट्याकडे किंवा गावाबाहेर आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरात, एकटी राहते. सालगड्याची आई कुठल्याच यादीत नसते. नांदून माघारी आलेली, पन्नाशी ओलांडलेली लेक भावाच्या कार्डावर नसते. गावाबाहेर पालं ठोकून राहिलेली भटकी कुटुंबं तर गावाच्या हिशेबातच नसतात. ८ मे २०२०च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातून निघालेली, मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे जायला भुसावळची वाट धरलेली माणसं होती ती. वाटेवरच्या एकाही गावाच्या यादीत त्यांचं नाव असण्याचं कारण नव्हतं. शिवारात आज रात्री जो मुक्कामाला आहे तो यादीत हवा, त्याचं कार्ड कुठलंही असो.

यादी कागदावरून करू नये, उंबऱ्यावर जाऊन करावी. नाव आणि वय सगळेच लिहितात. कामाचे रकाने वेगळेच. कोणती गोळी चालू आहे आणि घरात किती दिवसांची उरली आहे? पाणी कोण आणून देतं? भाकरी कोण थापतं? रात्री त्या घरात दुसरं कुणी झोपतं का? ऐकू येतं का, दिसतं का? आणि फोन कुणाचा आहे? नोंदवहीतला नंबर निम्म्या वेळा चाकणच्या कारखान्यात काम करणाऱ्या लेकाचा निघतो. तो लावला तर 'आई बरी आहे' एवढंच कळतं, कारण त्यालाही तेवढंच माहीत असतं. म्हणून रात्री त्या घराच्या दहा पावलांत जो फोन वाजतो त्याचा नंबर लिहावा.

यादी झाली की ती तपासायला गिरणीवाल्याकडे जावं. कुणाच्या घरी किती खाणारी तोंडं आहेत आणि कुणाचा ज्वारीचा डबा पंधरा दिवसांत आलेला नाही, हे त्याच्याइतकं ग्रामसेवकालाही ठाऊक नसतं. किराणा दुकानदाराचंही तसंच. मात्र टीबीच्या आणि एचआयव्हीच्या गोळ्या कुणाला चालू आहेत, हे या यादीत लिहू नये. ती नावं आशाताईच्या किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरच्या वहीत असतात, तिथेच राहू द्यावीत. एकदा का असं नाव पारावर वाचलं गेलं की पुढच्या उंबऱ्यावर कुणी खरं सांगत नाही.

दहा उंबऱ्यांमागे एक माणूस नेमावा. तो पुढाऱ्यानं सुचवलेला नको. ज्याचा रोजचा रस्ताच त्या दारावरून जातो तो बरा, दूध घालायला जाणारा किंवा शेळ्या वळणारी. आणि एक बारकावा: कोण यावं हे त्या म्हातारीलाच विचारावं. भाऊबंदकीत अबोला धरलेल्या घरातला पोरगा पाठवला तर ती दार उघडत नाही, आणि पंचायतीच्या कागदावर मात्र 'भेट दिली' असा शेरा पडतो.

आता ऊसतोडीकडे येऊ, कारण बीड, जालना, धाराशिवच्या पट्ट्यात या विषयाचं निम्मं वजन तिथेच आहे. दसरा सरला की कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोड्या, बाहेर पडतात. मागे उरतात म्हातारी आणि लेकरं. वर्षातले पाच-सहा महिने सत्तरीची आजी तीन नातवंडांचं घर चालवते. म्हणजे जिला सांभाळायचं, तीच घर सांभाळत असते. २०२०च्या टाळेबंदीत तोडणीचे लोक कारखान्यांच्या परिसरातल्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांत, अडकून पडले. एप्रिलच्या मध्यानंतर तपासणी करून त्यांना परत सोडायला सुरुवात झाली, तेव्हा ट्रकच्या ट्रक एका दमात गावाकडे वळले. ज्या आजीनं पाच महिने लेकरं जपली तिच्याच ओसरीवर सगळे येऊन उतरणार होते.

गावांनी त्यांना शाळेत ठेवलं. वरवर पाहता बरोबर. पण झेडपीच्या शाळेच्या दोन खोल्यांत पाच कुटुंबं, एक संडास, तोही तुंबलेला, पाणी हापशावरून. त्यात एखादा बाधित असेल तर उरलेले सगळे चौदा दिवस त्याच्याच हवेत. बैलं कुठे बांधायची, कडबा कुठून आणायचा, कुणी विचारलं नाही. बाप्ये व्हरांड्यात झोपले, बायांना अंघोळीला आडोसा नव्हता. मग रात्री एकेक जण घराकडे सटकला. नियम मोडला म्हणून त्यांना शिव्या घालणं सोपं होतं.

ज्याला शेताचा तुकडा आहे त्यानं सरळ शेतात उतरावं, ही सोय जास्त टिकते. आखाडा, गोठा, नसेल तर चिंचेखाली ताडपत्रीचं पाल. मोकळी हवा, जनावरांना जागा, घरच्यांच्या नजरेत. गावानं पुरवायचं ते इतकंच: रोज पिण्याच्या पाण्याचा जार, रेशन, अंधारात एक दिवा आणि साप-विंचवासाठी जमिनीपासून उंच झोपायची सोय. भूमिहीनांसाठी शाळा, पण एका खोलीत एकच कुटुंब. खोल्या संपल्या तर पटांगणात मांडव. लेकरांनी आई-बापाला लांबून बघायचं, हे सगळ्यात अवघड. पाच महिन्यांनी आई दिसलेलं तीन वर्षांचं लेकरू दहा पावलांवर थांबत नाही. त्यावर एकच उपाय: लेकराला आई-बापाकडे शेतात पाठवून द्यावं आणि आजीला गावात ठेवावं. आजी आणि लेकरू दोघांनाही धरून ठेवायला गेलं की दोन्ही हातचे जातात.

घरातल्या घरात जपायचं तर कुणाला कुठे झोपवायचं, हा प्रश्न येतो. सर्दी-खोकल्याच्या माणसाला बाहेरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवावं, असं सगळ्यांना वाटतं. पण ज्यानं आजार आणला तो लक्षणं दिसायच्या दोन दिवस आधीपासून देत सुटलेला असतो. म्हणून साथ गावात आहे असं कळलं की उलट करावं, कुणी आजारी नसतानाच म्हाताऱ्या माणसाची जागा बदलावी. घरातली सगळ्यात हवेशीर जागा त्याची. बहुतेक घरांत ती ओसरी असते, जुन्या वाड्यात ढेलज, म्हणजे दाराजवळची देवडी. मधल्या घरात, माळवदाखाली, म्हणजे मातीच्या धाब्याखाली, जिथे थंड असतं म्हणून म्हातारी माणसं दुपारी पडून राहतात, तिथे हवा कोंडते. जुन्या माळवदाला उजेडासाठी ठेवलेलं सवणं असेल आणि पावसाच्या भीतीनं त्यावर परात किंवा फरशी टाकलेली असेल, तर ती काढावी. चुलीचा धूर ज्या वाटेनं जातो त्याच वाटेनं खोकल्यातून उडालेलं बाहेर पडतं.

खोलीची हवा बदलते का, हे बघायला उदबत्ती पुरते. कोपऱ्यात लावून ठेवावी आणि दारात उभं राहून बघावं. धूर एका बाजूला ओढला जाऊन बाहेर पडत असेल तर ठीक. छताखाली थर धरून तरंगत असेल तर त्या खोलीत दोन माणसांनी झोपू नये. समोरासमोरची दोन दारं, किंवा दार आणि खिडकी, चार-चार बोटं उघडी ठेवली तरी फरक दिसतो. टेबलफॅन असेल तर त्याचं तोंड खिडकीकडे करून ठेवावं, म्हणजे तो आतली हवा बाहेर टाकतो. आजाऱ्याच्या मागे लावून म्हाताऱ्याच्या तोंडावर वारा घेतला तर तो पंखाच वैरी होतो.

आणि पत्र्याची खोली? मराठवाड्यात मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या वर जातो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. साथीपासून वाचवायला म्हणून ऐंशीच्या आजोबांना तिथे कोंडलं तर ते उष्माघातानं जातील. दिवसा झाडाखाली बाज, रात्री अंगणात. म्हातारपणी तहान लागल्याचं कळत नाही. शेजारी तांब्या ठेवून भागत नाही, दर तासाला कुणीतरी 'घ्या दोन घोट' म्हणावं लागतं.

मास्कबद्दल एकच सांगतो. पदर एकपदरी असतो आणि दर मिनिटाला हातानं सावरला जातो. दस्ती, म्हणजे रुमाल, नाकाखाली घसरते. दोन्हीवर फार भिस्त ठेवू नये. म्हाताऱ्याच्या तोंडाला बांधण्यापेक्षा त्याच्याकडे येणाऱ्यानं नीट बांधलेला मास्क जास्त कामाचा. मात्र ऐकू कमी येणारी माणसं समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. मास्क लावून 'गोळी घेतली का' विचारलं की ती मान डोलावतात आणि आपण 'हो' लिहून मोकळे होतो. त्यांच्याशी बोलताना सहा-सात हात लांब, आपल्याकडून त्यांच्याकडे वारा जाणार नाही असं, उघड्यावर, आणि हातात रिकामं पाकीट धरून खुणेनं विचारावं.

फवारणीवर मात्र गावांनी उगाच पैसा घालवला. डाळिंबाच्या बागेचे ब्लोअर लावून गल्लीबोळांत सोडियम हायपोक्लोराइट मारलं, काही ठिकाणी माणसांच्या अंगावरही. माणसांवर असं मारू नये, असं केंद्राच्या आरोग्य खात्यानं एप्रिल २०२०मध्येच सांगितलं होतं. त्यानं डोळे आणि घसा जळतो, दमेकऱ्याला धाप लागते आणि फुप्फुसात गेलेला विषाणू जिथल्या तिथे राहतो. रस्त्याच्या धुळीवर मारलेलं तर निव्वळ वाया. त्याच पैशात ऑक्सिमीटर आले असते.

ऑक्सिमीटर हे साथीत गावाच्या हाती आलेलं सगळ्यात कामाचं यंत्र. १५ सप्टेंबर २०२०पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत पथकं घरोघर फिरली तेव्हा ते बहुतेकांनी पहिल्यांदा पाहिलं. तो चिमटा वापरायला सोपा आहे, आणि फसवायलाही तितकाच. शेतातून चालत आलेल्या माणसाच्या बोटाला लगेच लावू नये. पाच मिनिटं बसू द्यावं. नखावर नेलपॉलिश नको. गडद मेंदीही घोळ करू शकते, तेव्हा लग्नघरातल्या बायांचं बिनमेंदीचं बोट शोधावं. हात गार असेल तर चोळून गरम करावा. राबणाऱ्या माणसाचं बोट जाड असतं, चिमटा नीट बसत नाही. मग करंगळी वापरावी. आकडा लगेच वाचू नये, अर्धा-एक मिनिट स्थिर होऊ द्यावा. बाहेर लखलखीत ऊन असेल तर हातावर पदर धरावा. सेल उतरले की आकडे नाचतात, म्हणून दोन जादा सेल पिशवीत. दर माणसानंतर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून घ्यावं, नाहीतर यंत्रच घरोघर आजार वाटत फिरतं.

९५ किंवा वर असेल तर दिवसातून दोन-तीनदा बघत राहावं. ९४ किंवा खाली आला तर डॉक्टरांना फोन. ९०च्या खाली गेला तर फोनवर बोलत बसू नये, गाडी काढावी. बसल्या जागी आकडा चांगला दिसणाऱ्याला सहा मिनिटं, साठीपुढच्याला तीन मिनिटं, घरातच चालायला लावून पुन्हा बघायचं. तीनानं उतरला किंवा ९३च्या खाली गेला तर आत काहीतरी बिघडलंय. ज्याला बसल्या जागी धाप लागते, किंवा दमा आहे, त्याला ही परीक्षा देऊ नये. आणि सावळ्या कातडीवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा एक-दोन आकडे जास्त दाखवतं, हे आपल्याकडे तर विसरूच नये. आकडा ९५ आहे पण म्हातारा बोलताना मध्येच थांबून श्वास घेतो, तर म्हाताऱ्यावर विश्वास ठेवावा.

म्हातारपणी ताप येईलच असंही नाही. साखरेचा आजार असलेल्या, वय झालेल्या माणसात पहिली खूण वेगळीच असते. भाकरी परत जाते. दिवसभर झोपून राहतं. नातवाला लेकाच्या नावानं हाक मारतं. अंगणात जाताना पडतं. 'वयच झालंय आता' म्हणून घरचे सोडून देतात, आणि ते दोन दिवसच मोलाचे असतात. म्हणून दहा उंबऱ्यांच्या माणसानं ताप विचारण्याआधी काल किती जेवलं हे विचारावं.

गाडी येईपर्यंत धाप लागलेल्या माणसाला पालथं झोपवता येतं. एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. उशा नसतील तर वाकळेच्या घड्या. अर्धा तास ते दोन तास पालथं, मग कूस बदलावी. जेवल्यावर तासभर नाही. गरोदर बाईला, हृदयाचा मोठा आजार असलेल्याला, मणका मोडलेल्याला नाही.

गोळ्यांचं गणित साथीत सगळ्यात आधी कोलमडतं. बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या उपकेंद्रातून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून साधारण महिन्याच्या मिळतात. तीस हजार वस्तीला एक केंद्र, त्यामुळे काही वाड्या-तांड्यांवरून ते दहा-बारा किलोमीटरवर पडतं. एसटी बंद, जीप बंद, की गोळी बंद. गोळी बंद झाल्याचा त्रास पहिल्या आठवड्यात होत नाही म्हणून माणूस गप्प राहतो. महिन्यानं लकवा मारतो आणि तो साथीच्या हिशेबात धरला जात नाही. उपाय साधा: वाडीतल्या सगळ्यांची कार्डं आणि रिकामी पाकिटं एकाच्या हाती देऊन दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम मागाव्यात. केंद्रात साठा नसेल तर किमान तसं आठवडाभर आधी कळतं. रिकामं पाकीट मात्र हवंच. 'पांढरी छोटी गोळी' असं सांगून आणलेली गोळी भलत्याच आजाराची निघू शकते.

इन्सुलिनच्या बाटलीला फ्रिज लागतो आणि आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. वापरातली बाटली तीस अंशांच्या आत राहिली तर महिनाभर टिकते. बाटली प्लास्टिकच्या डबीत, डबी छोट्या कोऱ्या मडक्यात, मडकं ओल्या वाळूच्या घमेल्यात, वर ओलं फडकं, सावलीत, वाऱ्याला. आपला उन्हाळा कोरडा असल्यानं पाणी भराभर उडतं आणि आत चांगलं गार राहतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की ही युक्ती तितकी चालत नाही. बर्फात ठेवलेलं, गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं.

याच्या जोडीला स्टेरॉइडचं प्रकरण. जून २०२०मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोननं जीव वाचतात असं दिसलं, पण ज्यांना ऑक्सिजन लावावा लागला त्यांचेच. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना त्याचा फायदा दिसला नाही. खाली येता येता यातलं दुसरं वाक्य गळालं. सलाईन, सुई आणि सोबत ती गोळी, पहिल्याच दिवसापासून. माणसाला बरं वाटतं, भूक लागते, डॉक्टर हाताच्या गुणाचा ठरतो. इकडे साखर चारशेवर. २०२१च्या दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीनं किती जणांचे डोळे आणि जबडे काढावे लागले, हे छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाच्या आणि अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डांना विचारावं. साखरेच्या माणसाला साथीचा ताप आला तर रोज साखर तपासावी, आणि एका बाजूचा गाल बधिर होणं, नाकातून काळपट पाणी, दात हलणं, एक डोळा सुजणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावं.

इतकं सगळं करूनही लोक आजार लपवतात, आणि त्यांचं कारण बरेचदा गोठ्यात बांधलेलं असतं. कोविड सेंटरला गेलो तर म्हैस कोण पिळणार? अनोळखी हात लागला तर ती पान्हा सोडत नाही. घरात आजार निघाला तर डेअरीवर दूध घेत नाहीत. हापशावर बायका बाजूला सरतात. वेचणीला आलेला कापूस, काढणीला आलेली तूर तशीच राहते. आजार सांगण्याची किंमत इतकी असेल तर शहाणा माणूस लपवणारच, आणि लपवलेला आजार घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या देहाला गाठणार. म्हणून ग्रामसभेनं साथीच्या आधीच दोन गोष्टी ठरवाव्यात. बाधित घराची जनावरं कोण बघेल, नावानिशी. ते नाव असं हवं की म्हशीला त्याची सवय आहे. आणि त्या घरचं दूध डेअरी घेईल. दूध तापवून प्यायलं जातं, त्यातून ही साथ येत नाही, हे डेअरीच्या चेअरमननं स्वतः भोंग्यावरून सांगावं. पंचायतीच्या नोटिशीनं ते होत नाही.

मयत झाली की मात्र भल्याभल्या गावांची घडी विस्कटते. लग्न पुढे ढकलता येतं, सप्ताह पारायण घरात उरकता येतं. दुखवट्याला जाणं टाळता येत नाही. जीपा भरून भावकी येते. बाया वेशीपासून सूर काढत येतात आणि गेलेल्याच्या बायकोच्या गळ्यात पडतात. ती स्वतः सत्तरीची, रात्रभर उपाशी, बंद घरात कोपऱ्यात बसलेली. दहा दिवसांत दोनशे माणसं तिच्या तोंडाला तोंड लावून रडतात. साथीत यासारखी धोक्याची जागा गावात दुसरी नाही, आणि 'येऊ नका' असा फलक लावणं म्हणजे जखमेवर मीठ.

जमतं ते असं. बसायची जागा घराबाहेर काढावी, अंगणात लिंबाखाली, दोन सतरंज्या लांब लांब. म्हातारीची बाज वाऱ्याच्या वरच्या अंगाला, आणि तिच्याजवळ तिची लेक किंवा सून बसलेली. गळ्यात पडायला येणारीला आधी ती लेक सामोरी जाते, पदरात घेते, बाजूला बसवते. पाहुणीचा मान राहतो आणि म्हातारी वाचते. एका गावची माणसं एका वेळी. दुसऱ्या गावची जीप पारावर थांबवायला एक जाणता माणूस. चहा द्यायचाच तर कागदी कपात आणि उभ्यानं, म्हणजे मुक्काम लांबत नाही. दहाव्याला गोड घास घरापुरता. बाकीच्यांना नंतर, वर्षश्राद्धाला. हे सांगायचं कुणी? तरण्या पोरानं सांगितलं तर 'शिकला म्हणून शहाणा झाला' असं होतं. भावकीतल्या थोरल्या बाईनं, किंवा गावच्या कीर्तनकारानं सांगितलं तर ऐकतात.

लसीकरणात गावं मागे पडली तेव्हा 'अडाणी लोक, अफवांना बळी पडले' असं खूप लिहिलं गेलं. अफवा होत्याच. पण कोविशिल्डच्या एका बाटलीत दहा डोस असायचे आणि बाटली फोडली की चार तासांत संपवावी लागायची. दहा माणसं जमली नाहीत तर सिस्टर बाटली फोडायला कचरायची, कारण वाया गेलेल्या डोसाचा जाब तिला द्यावा लागे. तीन किलोमीटर काठी टेकत आलेल्या म्हातारीला 'उद्या या' ऐकावं लागलं तर ती उद्या येत नाही, आणि वस्तीवर जाऊन सांगते ते वेगळंच. दुसरं कारण मजुरीचं. लशीनंतर दोन दिवस अंग मोडतं. खुरपणीचे दिवस असतील तर दोन दिवसांचा रोज बुडतो. मे २०२१मध्ये अठरा वर्षांपुढच्यांसाठी नोंदणी मोबाईलवर गेली, तेव्हा शहरातली पोरं स्लॉट पकडून खेड्यातल्या केंद्रांवर गाड्या घेऊन आली आणि गावचे लोक पारावरून बघत राहिले. यातल्या एकाही अडचणीवर 'जनजागृती' हा उपाय नव्हता. दहा-दहाची तुकडी वस्तीवर आधी ठरवून, पुढच्या दोन दिवसांत काम नाही असा वार बघून, सिस्टरलाच वाडीवर नेणं हा उपाय होता. जिथे तसं झालं तिथे बाटल्या वाया गेल्या नाहीत.

राहिली रात्रीची गाडी. १०८ला फोन लावल्यावर नुसतं गावाचं नाव सांगू नये; एकाच नावाची गावं शेजारच्या तालुक्यातही असतात. तालुका, फाटा, फाट्यापासून किती किलोमीटर, ओढ्यावर पूल आहे की नळकांडी, पाऊस झालाय का. काळ्या रानातल्या रस्त्यावर चार दिवसांच्या पावसात रुग्णवाहिका रुतते. तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाज टाकून माणसाला फाट्यापर्यंत आणायचं आणि तिथे बॅटरी घेऊन एकानं आधीच उभं राहायचं. दाराच्या मागे खिळ्याला एक पिशवी अडकवलेली असावी: आधार आणि रेशनकार्डाची प्रत, चालू गोळ्यांची पाकिटं, साखर-बीपीची वही, दोन कपडे, साधा फोन आणि त्याचा चार्जर, शंभराच्या दहा नोटा. रेशनकार्ड विसरू नये. महात्मा फुले योजनेसाठी दवाखान्यात पहिल्यांदा तेच मागतात, आणि मध्यरात्री ते शोधण्यात जो वेळ जातो तो ऑक्सिजनचा असतो.

आणि वेस बंद करायचीच असेल तर बाभूळ नको, आडवा बांबू आणि साखळी-कुलूप लावावं. त्याच्या दोन चाव्या. एक वेशीजवळच्या पहिल्या घरात, जिथे म्हातारा पहाटे तीनला तसाही जागाच असतो. दुसरी आशाताईकडे.